राहून गेलेलं वाक्य

कृष्णात आवळेच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचं काम. चामराजपेटच्या एका नर्सिंग होममध्ये तो ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, चोवीस वर्षं हेच. पण त्याची एक गोष्ट अख्ख्या पेटेत ठाऊक होती. दुसरे ड्रेसर पेशंटला म्हणायचे, "काही नाही हो, अजिबात दुखत नाही," आणि चिकटलेली पट्टी खस्सकन ओढायचे. कृष्णातनं असलं कधी केलं नाही. तो आधी सांगायचा, "दुखेल. स्वल्प दुखेल. पण मी आहे." स्वल्प हा शब्द त्याला बेंगळुरूनं दिला, बाकी माणूस निपाणीचा, आणि हातातली कला मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेली. लोक मुद्दाम त्याच्यासाठी बाकावर थांबून राहायचे.

अशा माणसाच्या हातून चूक झाली ती नेमकी बोलण्याचीच. बरं, खोटं बोलला असंही म्हणवत नाही. एक वाक्य राहून गेलं, एवढंच. पण त्या एका वाक्यानं त्याच्या घरात जे केलं, ते सांगायला बसलं की अजून माझा जीव वरखाली होतो.

शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागं एक जुनं चर्च होतं. सकाळी तिथं तमिळ भक्ती, मग इंग्रजी, आणि चार वाजता, सगळ्यांचं आटोपलं की, मराठी. मराठी मंडळी म्हणजे चाळीस माणसं. बेळगाव-निपाणीकडची जुनी घरं, काही रेल्वेतले, काही पलटणीतून निवृत्त झालेले, आणि हल्ली पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली दोन-तीन जोडपी. कृष्णात अर्धा तास आधी जायचा. सतरंज्या झटकायचा, डावीकडे पुरुषांच्या, उजवीकडे बायकांच्या अंथरायचा, ढोलकीची दोरी ओढून ठेवायचा आणि चारच्या ठोक्याला हातातली घंटा वाजवून मागच्या खांबाशी जाऊन बसायचा. झाली त्याची सेवा. इतक्या वर्षांत मंडळीपुढं त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता.

महिन्याचा पहिला रविवार हा साक्षीचा. हुबळीहून पाळकसाहेब त्याच दिवशी यायचे. ज्याच्यावर देवानं काही उपकार केला असेल त्यानं उभं राहून तो मंडळीपुढं सांगायचा. नावांची यादी असायची मधुकररावांकडं. हे पोस्टातून निवृत्त झालेले, मंडळीचे चिटणीस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक आवाज. पाळकसाहेब नसतील त्या रविवारी भक्तीही तेच चालवायचे.

आता मथुरेचं. मथुरा म्हणजे कृष्णातची बायको. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला पहिली फिट आली, ती मग वीस वर्षं येतच राहिली. कधी महिन्याला, कधी आठवड्याला. मूल झालं नाही. तिला विहिरीवर पाठवायचं नाही, जिन्यात एकटं सोडायचं नाही, अशातच दोघांची जवानी गेली. त्याण्णव साली दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जुन्या गोळ्या बंद करून दुसऱ्या दिल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आणि काय सांगावं, फिट थांबल्या. एक महिना गेला, तीन गेले, सात गेले. मथुरा एकटी बस धरून सिटी मार्केटला गेली आणि अबोलीचा गजरा घेऊन आली. त्या दिवशी कृष्णात मोरीत जाऊन रडला, तिला दिसू नये म्हणून.

मधुकररावांनी त्याला गाठलंच. "कृष्णात, आता तरी बोल की! देवानं एवढं केलं आणि तू गप्प?"

तो कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाला. दवाखान्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यानं चार वाक्यं लिहिली, दहादा वाचली आणि चौऱ्याण्णवच्या मार्चमधल्या पहिल्या रविवारी उभा राहिला.

"माझी बायको मथुरा. हिला वीस वर्षं फिट यायच्या. आम्ही रोज गुडघे टेकून प्रार्थना केली. सात महिने झाले, एकपण फिट आलेली नाही."

अहो, चौथं वाक्य त्याच्या ओठांवर होतं! तेवढ्यात मधुकरराव ओरडले, "हालेलूया!" मागोमाग सगळी मंडळी उठली, ढोलकीवर थाप पडली, टाळ वाजले, बायकांनी मथुरेला मिठ्या मारल्या. या कल्लोळात कृष्णात चिठ्ठी धरून उभा. चौथं वाक्य होतं: डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांना प्रभूनं यश दिलं आहे, त्या चालू आहेत. गाणं संपलं तेव्हा मधुकररावांनी पुढचं नाव पुकारलं होतं. त्यानं चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि खांबाशी जाऊन बसला.

पुढच्या रविवारी सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पण त्या आठवड्यात तीन घरांतून बोलावणी आली. कृष्णातअण्णा, आमच्या घरी येऊन प्रार्थना करा, तुमची प्रार्थना ऐकली जाते. ज्याला आयुष्यभर सतरंजी उचल, घंटा वाजव एवढंच सांगितलं गेलं, त्याला लोक दारापर्यंत पोचवायला येऊ लागले. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. मनात म्हणायचा, गोळ्यासुद्धा देवाच्याच, सांगितलं काय नि न सांगितलं काय. दर महिन्याला गोळ्यांच्या पट्ट्या घरी आणून तो मथुरेच्या हातात ठेवायचा. ती "हं" म्हणायची आणि आत घेऊन जायची.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी तो चष्मा घरी विसरला. तो घ्यायला भर दुपारी वठारात, म्हणजे आपल्या चाळीत, आला, तर त्याच्या दारात शेजारची गंगव्वा उभी. ही बेळगावची, पासष्ट वर्षांची, त्याच मंडळीतली. तोंडानं फटकळ पण जीव लावणारी. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"अय्यो अण्णा, आता कशाला आलात?"

"चष्मा राहिला. बाजूला हो की, अक्का."

"मी देते आणून. तुम्ही तिथंच थांबा स्वल्प."

तिचा हात दूर करून तो आत शिरला. मथुरा स्टोव्हपुढं जमिनीवर पडली होती. हातपाय अजून झटके देत होते, मुठीत गंगव्वेनं कोंबलेला किल्ल्यांचा जुडगा, आणि स्टोव्हवर दूध उतू जाऊन करपलेलं. त्यानं स्टोव्ह बंद केला, तिला कुशीवर वळवलं, मानेखाली आपला शर्ट घडी करून ठेवला आणि घड्याळाकडं बघत बसला. याच्यापुढं माणसाच्या हातात काही नसतं. वीस वर्षं तो हेच करत आला होता, आणि वर्षभरात विसरूनही गेला होता.

झटके थांबले. वळवताना ब्लाऊजची बाही वर सरकली होती. मे महिन्यापासून मथुरा मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालत होती, त्याला वाटलं वयानुसार आवड बदलली असेल. बाहीखाली कोपरापासून खाली भाजल्याची जखम होती, अर्धी भरलेली, अर्धी चिघळलेली, वर हळद दाबलेली. साऱ्या जगाच्या जखमा धुणारा हा गडी, आणि स्वतःच्या घरातली त्याला दिसली नव्हती.

मथुरेनं डोळे उघडले. समोर कोण आहे ते कळायच्या आधीच तिनं पदरानं तोंड पुसलं, निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "काही नाही. पाय घसरला जरा."

हे ती इतकं सफाईनं म्हणाली की कृष्णातला उमगलं, ही काही पहिली वेळ नव्हे.

"किती वेळा?" त्यानं गंगव्वेला विचारलं.

"मला विचारू नका. मला शपथ घातली हिनं," गंगव्वा म्हणाली आणि रडायला लागली. "मला दिसल्या त्या नऊ. न दिसलेल्या देवाला ठाऊक."

गोळ्या कुठं आहेत, हे मथुरेनंच सांगितलं. नाचणीच्या डब्यात, पिठाच्या खाली, फडक्यात गुंडाळून. पाच महिन्यांच्या पट्ट्या, एकही गोळी फोडलेली नाही.

"का गं?" तो म्हणाला. "का केलंस हे?"

"तुम्ही मंडळीपुढं सांगितलंत की देवानं बरं केलं."

"पण गोळ्या तर..."

"गोळ्यांचं तुम्ही बोलला नाहीत." ती त्याच्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात सांगत होती. "मला वाटलं, ह्यांना आतून काही कळलं असेल. तुम्ही कधी उगीच बोलत नाही. म्हटलं, हे बोलले म्हणजे झालंच असणार. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली असती तर माझाच विश्वास नाही असं झालं असतं. मग एप्रिलात फिट आली. तोवर लोक तुम्हाला प्रार्थनेला बोलवायला लागले होते. आयुष्यात एकदा माझा नवरा उभा राहून बोलला, तेही खोटं पाडू?"

कृष्णातनं एक गोळी फोडली, पेल्यात पाणी घेतलं. "घे."

"आता लपून घेऊ? देवापासून कुठं लपू?" तिनं पेला खाली ठेवला. "जिथं बोललात तिथं आधी पुरं करा. मग मी घेते."

त्यानं हात जोडले. रागावला. एका संध्याकाळी तर त्यानं गोळी कुटून तिच्या आमटीत घातली. मग तिला ताट वाढून समोर बसला आणि तिनं जेवणाआधी डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना केली. त्याच्यानं बघवेना. ताट ओढून घेऊन त्यानं आमटी मोरीत ओतली आणि म्हणाला, "केस पडला होता." मथुरा नुसत्या ताकाशी जेवली.

डॉक्टरीणबाईंनी तर त्याला झापलाच. "तुम्ही दवाखान्यातला माणूस! अशा मध्येच बंद केलेल्या गोळ्या परत सुरू केल्या तरी पूर्वीसारखा गुण येईलच असं नाही. रोज उशीर होतोय." रोज उशीर होतोय हे त्याला काय ठाऊक नव्हतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिच्या हातावर रोज स्वतः पट्टी करायचा, तेवढं ती करू द्यायची. "दुखेल," तो म्हणायचा. "माहीत आहे," ती म्हणायची.

रविवारी त्यानं मधुकररावांना गाठलं. मला दोन मिनिटं द्या, म्हणाला, साक्षीत चूक झाली ती सांगायची आहे. सगळं ऐकून घेतल्यावर मधुकरराव खाली सतरंजीवर बसले. ते सहसा खाली बसत नसत, गुडघ्यांची इस्त्री मोडते म्हणून.

"नको, कृष्णात."

"मधुकरराव, ती गोळी घेत नाही."

"माझी बायको दोन वर्षं अंथरुणावर आहे, ठाऊक आहे ना? अर्धं अंग गेलेलं. रोज सकाळी तिला पुसून काढताना मी तुझी साक्ष आठवतो. म्हणतो, देवा, मथुरेला उठवलंस, हिलाही उठव. तेवढ्यावर माझा दिवस निघतो." त्यांचा तो कडक आवाज कुठल्या कुठं गेला होता. "ते काढून घेशील माझ्याकडून?"

इकडं आड, तिकडं विहीर. कृष्णात सतरंज्या गुंडाळून घरी आला. त्या आठवड्यात मथुरेला तीन वेळा फिट आली. तिसऱ्या वेळी जीभ चावली गेली आणि दोन दिवस तिला नीट बोलता येईना. तिच्या उशाशी बसून त्यानं प्रार्थना केली, पण शब्द सुचेनात. शेवटी एवढंच म्हणाला, "बापा, मला काही येत नाही. मला जखम धुता येते, बाकी काही येत नाही." आणि तिथंच बसून राहिला.

सप्टेंबरचा पहिला रविवार आला. पाळकसाहेब आले, साक्षी सुरू झाल्या. कुणाला नोकरी लागली होती, कुणाच्या बाळाचा ताप उतरला होता. यादी संपली. कृष्णातचं नाव तीत नव्हतं. पाळकसाहेब शेवटच्या प्रार्थनेला उठणार, तोच मागच्या खांबाशी घंटा वाजली.

चाळीस माथी मागं वळली. भक्तीच्या मध्येच कधी घंटा वाजवतात का? कृष्णात घंटा हातात धरून उभा होता. दुसऱ्या हातात दवाखान्याची घडी पडलेली चिठ्ठी.

"मार्चमध्ये मी साक्ष दिली," तो म्हणाला. "तिच्यात एक वाक्य राहिलं होतं. मी लिहून आणलं होतं, पण वाचलं नाही. पुढंही वाचलं नाही, कारण तुम्ही मला मान द्यायला लागलात आणि मला तो गोड लागला." त्यानं चिठ्ठी उघडली. "डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांना प्रभूनं यश दिलं आहे, त्या चालू आहेत. हे ते वाक्य. मी हे बोललो नाही म्हणून मथुरेनं गोळ्या बंद केल्या. तिला परत फिट येतात. ती बरी झालेली नाही. होईल की नाही, मला माहीत नाही."

कुणी हालेलूया म्हटलं नाही. मधुकररावांनी मान खाली घातली होती.

"मधुकरराव," कृष्णात म्हणाला, "दुखेल. मला माहीत आहे. पण मी आहे. उद्यापासून सकाळी मी येतो, वहिनींना दोघं मिळून पुसू."

मधुकररावांनी मान वर केली नाही. पाळकसाहेब नुसतेच पुस्तकाची पानं उलटत राहिले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गंगव्वा भिंतीला धरून उठली.

"पाळकसाहेब, माझंपण तसंच हो. गेल्या वर्षी मी सांगितलं, गुडघे बरे झाले. एक आठवडा बरे होते, खरंच! मग परत सुरू. पण आता बोलून बसले ना, म्हणून वर्षभर तुमच्यासमोर गुडघे टेकतेय. जीव जातो माझा. आजपासून मी खुर्ची घेणार, सांगून ठेवते."

पुण्याच्या एका पोरीला हसू आवरेना. मग एक-दोघं हसले, आणि कुणीतरी खरोखरच उठून गंगव्वेला खुर्ची दिली.

मथुरा मात्र हसली नाही. ती सतरंजीवर बसल्या बसल्या नवऱ्याकडं बघत होती. मग तिनं उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. कृष्णातला एक क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं घंटा खाली ठेवली आणि खिसा चाचपला. तीन आठवडे तो गोळ्यांची एक पट्टी खिशात घेऊन हिंडत होता. भक्ती चालू असताना कधीही पुरुषांची बाजू ओलांडून न गेलेला माणूस सगळ्यांदेखत बायकांच्या सतरंजीवर गेला आणि तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. पाणी नव्हतं. पाळकसाहेब खाली उतरले आणि आपल्या मेजावरचा पेला त्यांनी मथुरेच्या हातात दिला. तिनं गोळी घेतली, वर पाणी प्यायली, पेला पदरानं पुसून परत केला.

ही गोष्ट इथं संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून कृष्णात मधुकररावांकडं जाऊ लागला. पहिले चार दिवस त्यांनी दार उघडलं नाही, पाचव्या दिवशी उघडलं, पण बोलले नाहीत. वहिनी काही उठल्या नाहीत. दोन घरांनी कृष्णातला नमस्कार करणं सोडलं, यानं विश्वास घालवला म्हणून. आणि गोळ्या सुरू होऊन अकरा दिवस झाले, गुरुवारी, कृष्णात जेवायला घरी आलेला असताना, ताट वाढता वाढता मथुरा कोसळली.

त्यानं तिला कुशीवर वळवलं. मानेखाली शर्ट ठेवला. घड्याळाकडं बघत बसला. बाहेर गंगव्वेनं रेडिओ बंद केला. दोन मिनिटं गेली, तीन गेली. देवा, देवा, एवढंच त्याच्या तोंडी येत होतं. मग हळूहळू झटके ओसरले.

मथुरेनं डोळे उघडले. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला. तोंड पुसलं, निऱ्या सारख्या केल्या.

"काही नाही," ती म्हणाली. "पाय..."

तिला समोर कृष्णात दिसला. ती थांबली.

"आली होती," ती म्हणाली.

"हो," कृष्णात म्हणाला. "आली होती."

मग तिनं आपलं डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा, तोंड न झाकता, ती मोठ्यानं रडली.